कुत्र्याच्या इमानाची पाठचिकित्सा

जपानच्या यामानाशी प्रांतातील कोफू शहराच्या वेशीवर आमचे एक स्नेही राहतात. त्यांच्याकडे काही दिवस मुक्काम करण्याचा योग आला. त्या घरातील एका कुत्रीने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला, त्याचा मागोवा म्हणजे हा लेख. कुत्री काई जातीची होती. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा ती भुंकली नाही, उठली नाही, तिने शेपूटही हलवले नाही. एकदा आमच्याकडे नीट पाहून घेतले आणि मान फिरवली. स्नेही ओशाळून म्हणाले, "ही जात अशीच. यांच्याविषयी इकडे म्हणतात, एक जन्म, एक धनी. माझ्याखेरीज ती कुणाला विचारत नाही." हे वाक्य पुरे होते न होते तोच स्वयंपाकघरातून त्यांच्या आई बाहेर आल्या. त्या तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या. हाताचे पीठ झटकत त्यांनी सहज "ये गं" म्हटले, आणि ती एकनिष्ठ कुत्री उठून त्यांच्यामागे निमूट चालू लागली.

साहित्याच्या अभ्यासकाची एक खोड अशा वेळी उफाळून येते. पाठ एक सांगतो आणि हाती आलेली प्रत दुसरेच दाखवते, तेव्हा तो पाठ कोणी, केव्हा आणि कशासाठी सिद्ध केला, असे विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. 'एक जन्म, एक धनी' हे वाक्य फार जुने, डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या तोंडचे असावे, असे ऐकताक्षणी वाटते. पण जपानी कुत्र्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास वाचू लागल्यावर आमची अशी खात्री होत गेली की, धन्याची जन्मभर वाट पाहणारा कुत्रा हा जपानच्या आधुनिक काळाने घडवलेला पाठ आहे. असे म्हणताना कुत्र्याचे प्रेम खोटे होते असे आम्हांला मुळीच सुचवायचे नाही. प्रेम खरे होते. त्याला जो अर्थ चिकटवला गेला, त्याचे कर्ते मात्र शोधता येतात.

आधी या कुत्रीशी थोडा परिचय. काई हे यामानाशी प्रांताचे जुने नाव. मध्यम बांधा, ताठ त्रिकोणी कान, डोंगरउतारावर चालायला घडलेले मागचे पाय, आणि अंगावर वाघासारखे पट्टे. पिल्लू जन्मते ते बहुधा एकरंगी, काळसर. पट्टे पुढे हळूहळू उमटत जातात आणि त्यांना स्पष्ट व्हायला कधी काही वर्षेही लागतात. ही जात रानडुकराच्या शिकारीत आणि उंच कड्यांवर राहणाऱ्या कामोशिका नावाच्या प्राण्याच्या मागावर वापरली जाई. शेपूट पाठीवर वळलेले किंवा कोयत्यासारखे बाकदार. येथे मराठी वाचकाला हसू आवरणार नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे म्हणून आपण ज्या वाकडेपणाची स्वभावदोष म्हणून हेटाळणी करतो, तोच जपानी कुत्र्याच्या बाबतीत अस्सलपणाच्या निकषांत मोडतो. सरळ लोंबणारे शेपूट असलेला कुत्रा तेथे परीक्षेत नापास होतो.

पण ही परीक्षाच मुळी अर्वाचीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी गावांत आणि शहरांच्या आळ्यांत जे कुत्रे होते, त्यांतले बहुसंख्य कोणा एकाचे नव्हतेच. त्यांना साधे 'सातोइनु', म्हणजे गावकुत्रा, म्हणत. आळीने टाकलेले खावे, रात्री अनोळखी माणसावर भुंकावे, पोरांनी छळले तर पळावे. आपल्याकडील गल्लीतल्या कुत्र्याचे वर्णन याहून फार वेगळे करता येणार नाही. सरदारांच्या शिकारखान्यातील कुत्रे आणि खानदानी स्त्रियांच्या मांडीवरील चिमुकले चिन हे अपवाद. सतराव्या शतकाच्या अखेरीस पाचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशी याने प्राणिमात्रांवरील दयेची फर्माने काढून एडो शहराचे मोकाट कुत्रे सरकारी खर्चाने नाकानो येथील आवारांत पोसले. लोकांनी त्याला 'कुत्रा शोगुन' म्हणून हिणवले, आणि १७०९ मध्ये तो मरताच ती फर्माने रद्द झाली. त्या साऱ्या उपद्व्यापातही कुत्र्यांच्या जातीचा किंवा त्यांच्या निष्ठेचा प्रश्न नव्हता. ते केवळ जीव होते.

मेइजी काळात पाश्चात्त्य व्यापारी योकोहामाच्या बंदरात उतरले. त्यांच्यासोबत त्यांचे कुत्रेही उतरले. हे गोरे लोक आपल्या कुत्र्याला इंग्रजीत 'कम हिअर' म्हणून बोलावत. ऐकणाऱ्या जपानी माणसाला वाटले, या प्राण्याचे नावच 'कामे' असावे. मग विलायती कुत्रा तो 'कामे' आणि देशी तो 'जिइनु', म्हणजे इथल्या मातीतला, अशी विभागणी पडली. 'ये' या आज्ञेवरून एका प्राणिवर्गाचे नाव पडावे, यापेक्षा त्या काळाचे नेमके चित्र दुसरे कोणते असणार? कामे हा प्रगतीचा कुत्रा ठरला. देशी कुत्रा मागासलेला, रोगट, अडगळीचा. १८७३ मध्ये टोकियोत नियम आला की, कुत्र्याच्या गळ्यात धन्याचे नाव-पत्ता लिहिलेला पट्टा हवा. पट्टा नसेल तो कुत्रा मारला जाईल. पुढे इतर प्रांतांतही असेच नियम झाले.

या नियमाचा अर्थ शांतपणे समजून घ्यावा असा आहे. शतकानुशतके आळीच्या मालकीचा असलेला प्राणी एका दिवसात बेवारस ठरला. जगायचे तर त्याला एक धनी असणे कायद्याने भाग झाले. 'एक धनी' ही कल्पना डोंगरातून आली तशी ती पोलीस चौकीतूनही आली, असे आम्ही म्हणतो ते याचमुळे. ज्याचा धनीच नाही तो धन्याची वाट कशी पाहणार?

प्राचीन जपानी साहित्याकडे वळले तरी हेच दिसते. इसवी सन १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या राणीच्या सखीने लिहिलेल्या 'माकुरा नो सोशी' या ग्रंथात ओकिनामारो नावाच्या राजवाड्यातील कुत्र्याची हकीकत आहे. सम्राटाच्या लाडक्या मांजरीला दरबारी मानाचा हुद्दा होता. दासीने चिथावल्यावरून ओकिनामारो तिच्या अंगावर धावून गेला. सम्राटाने त्याला बदडून हद्दपार करण्याचा हुकूम दिला. काही दिवसांनी एक सुजलेला, ओळखू न येणारा कुत्रा वाड्यात लडखडत आला. त्याला नावाने हाक मारली तर त्याने प्रतिसाद दिला नाही. दिलेले अन्नही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेखिका ओकिनामारोच्या आठवणीने हळहळून बोलली, बिचाऱ्याला किती मारले असेल, असे म्हणाली, आणि कोपऱ्यातला तो कुत्रा थरथरू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तोच ओकिनामारो होता. मार चुकवण्यासाठी त्याने आपले नाव नाकारले होते, आणि करुणेचा शब्द ऐकताच त्याला ते नाकारणे जमेना.

आम्हांला ही हकीकत जागतिक साहित्यातील कुत्र्यांच्या गोष्टींत फार वरच्या पायरीची वाटते. तिच्यात निष्ठेचा धडा नाही. उलट कुत्रा येथे शहाण्यासारखा खोटे वागतो. लेखिकाही त्याला कोणत्याही गुणाचे प्रतीक करत नाही. एका अपमानित जीवाने दुसऱ्याची हळहळ ओळखली, एवढेच ती टिपते. कुत्रा हे गुणाचे प्रतीक होतो तो पुढे. ताकिझावा बाकिनने १८१४ ते १८४२ या अठ्ठावीस वर्षांत १०६ भागांत लिहिलेल्या 'नान्सो सातोमी हाक्केन्देन' या अवाढव्य कादंबरीत यात्सुफुसा नावाच्या कुत्र्याला थट्टेत दिलेला शब्द राजाला पाळावा लागतो, राजकन्येला त्या कुत्र्यासोबत अरण्यात जावे लागते, आणि त्यातून आठ 'श्वानवीर' जन्मतात. प्रत्येकाजवळ एक मणी, प्रत्येक मण्यावर कन्फ्यूशियसप्रणीत एक गुण. त्यांतला एक 'चू', म्हणजे स्वामिनिष्ठा. कुत्रा आणि स्वामिनिष्ठा यांची गाठ वाचकांच्या मनात येथे पक्की बसली असावी. ती खऱ्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली जायला मात्र आणखी नव्वद वर्षे जावी लागली.

मधल्या काळात भीतीचे एक कारण घडले. १९०५ च्या जानेवारीत नारा प्रांतातील वाशिकागुची येथे एका परदेशी संग्राहकाने लांडग्याचे एक कलेवर विकत घेतले. जपानी लांडग्याचा तो शेवटचा खात्रीलायक नमुना ठरला आणि तो गेला लंडनच्या संग्रहालयात. आपल्या रानातला प्राणी आपण गमावला आणि त्याची शेवटची कातडीही परक्यांकडे गेली, ही बोच शिकलेल्या लोकांना लागली. १९१९ मध्ये ऐतिहासिक स्थळे, रम्य स्थाने आणि 'नैसर्गिक स्मारके' जतन करण्याचा कायदा झाला. प्राणिशास्त्रज्ञ वातासे शोझाबुरो यांनी या कायद्याखाली देशी कुत्र्यांचाही विचार व्हावा म्हणून खटपट केली आणि १९२० मध्ये उत्तरेकडील ओदाते गावी जाऊन अकिता कुत्र्यांची पाहणी केली. त्यांची निराशा झाली. झुंजी लावण्याच्या नादात तेथील लोकांनी देशी कुत्र्यांचा मोठ्या विलायती कुत्र्यांशी एवढा संकर केला होता की, स्मारक म्हणावा असा कुत्रा त्यांना दिसेना.

या वातासेंविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तिचा धागा भारतापर्यंत येतो. याच गृहस्थांनी १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून मुंगूस नेऊन ओकिनावा बेटावर सोडले होते. तेथील विषारी हाबू सापांचा आणि उंदरांचा बंदोबस्त व्हावा हा हेतू. मुंगूस दिवसा हिंडणारा, हाबू रात्री. दोघांची गाठ क्वचितच पडली, आणि मुंगसांनी बेटावरचे दुर्मीळ पक्षी फस्त करायला सुरुवात केली. देशी प्राण्याच्या शुद्धतेची चिंता करणारा विद्वान आणि परका प्राणी आणून सोडणारा विद्वान हे एकच असू शकतात. शुद्धतेचा विचार मांडणाऱ्यांकडे पाहताना हे ध्यानात असलेले बरे.

वातासेंना जे जमले नाही ते सायतो हिरोकिची या तरुणाने केले. १९२८ मध्ये त्यांनी जपानी कुत्रा संरक्षण संस्था स्थापन केली. 'निहोन केन होझोनकाइ' हे तिचे नाव, संक्षेपाने 'निप्पो'. ते आणि त्यांचे सहकारी दुर्गम डोंगरांत हिंडले. आगगाडी जेथे पोहोचली नव्हती, म्हणून कामे कुत्राही पोहोचला नव्हता, तेथे शिकाऱ्यांच्या झोपड्यांत ताठ कानांचे कुत्रे त्यांना सापडत गेले. एखाद्या लोकगीत-संग्राहकाने दळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ओव्या उतरून घ्याव्यात तसाच हा उद्योग, आणि त्याचे गुणदोषही तेच. जे सापडले ते वाचले. पण कोणता पाठ 'मूळ' आणि कोणता 'भ्रष्ट' हे ठरवण्याचा अधिकारही संग्राहकाकडे गेला. काई कुत्र्याची स्वतंत्र संस्था १९३१ मध्ये निघाली. त्याच वर्षी अकिता नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झाला. १९३४ मध्ये काई, किशू आणि कोशी, १९३६ मध्ये शिबा, १९३७ मध्ये शिकोकू आणि होक्काइदो, असे एकूण सात.

निप्पोने १९३४ मध्ये जपानी कुत्र्याचे प्रमाणलक्षण लिहून काढले. त्यात उंची, कान, शेपूट यांचे तपशील आहेतच. पण सुरुवातीला कुत्र्याच्या वृत्तीची तीन पदे आहेत: 'कान-इ', 'र्योसेइ' आणि 'सोबोकु'. पहिल्याचा आशय करारी तेज, दुसऱ्याचा सुस्वभाव, तिसऱ्याचा अकृत्रिम साधेपणा. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही पदे वाचताना आपण कुत्र्याची लक्षणे वाचत आहोत की ओज, प्रसाद, माधुर्य या गुणांची चर्चा, असा क्षणभर भ्रम होतो. 'सोबोकु' हा शब्द मातीच्या भांड्यांविषयी किंवा एखाद्या कवितेविषयीही सहज वापरता येतो. येथे प्राण्याचे वर्णन नव्हते, एका देशाने आपल्याविषयी बाळगलेल्या आदर्शाचे वर्णन होते. वर्ष १९३४ होते, जपानी सैन्य मांचुरियात होते, आणि देशाला करारी, साधा, आज्ञाधारक असा एक नायक हवा होता.

तो नायक शिबुया स्थानकावर आधीच येऊन बसलेला होता. हाचिको जन्मला १९२३ च्या नोव्हेंबरात ओदाते येथे. टोकियोच्या शाही विद्यापीठातील शेतकी विषयाचे प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो यांच्या घरी तो १९२४ च्या आरंभी आला. २१ मे १९२५ रोजी प्राध्यापक मेंदूतील रक्तस्रावाने अचानक वारले. दोघांचा सहवास जेमतेम सव्वा वर्षाचा. त्यानंतर ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत तो कुत्रा शिबुया स्थानकावर येत राहिला. ही कथा आता जगाला तोंडपाठ आहे. १९८७ चा जपानी चित्रपट आणि २००९ चा अमेरिकन चित्रपट यांनी ती मराठी घरांतही पोहोचवली. आम्हांला कथेपेक्षा तिच्या संपादनाविषयी अधिक बोलायचे आहे.

सायतोंना हा कुत्रा दिसला तो १९२८ च्या सुमारास, देशी कुत्र्यांची मोजदाद करताना. हाचिको तेव्हा कोणाला नायक वाटत नव्हता. तो माळीबुवांच्या घरी राही आणि स्थानकावर येई तेव्हा कर्मचारी, फेरीवाले आणि पोरे त्याला हुसकावत, छळत. हा छळ थांबावा म्हणून सायतोंनी वृत्तपत्राकडे त्याची हकीकत पाठवली. ४ ऑक्टोबर १९३२ च्या 'तोक्यो आसाही शिम्बुन'मध्ये ती छापून आली आणि रातोरात चित्र बदलले. काल लाथ मारणारे आज खाऊ आणू लागले. म्हणजे लेखाच्या मुळाशी हेतू होता तो करुणेचा, ओकिनामारोसाठी हळहळणाऱ्या त्या लेखिकेचाच. पण छापलेला मजकूर लेखकाच्या हातात राहत नाही. १९३४ च्या एप्रिलमध्ये आन्दो तेरू या शिल्पकाराने घडवलेला हाचिकोचा पुतळा स्थानकासमोर उभा राहिला. अनावरणाला खुद्द हाचिको हजर होता. पुढे प्राथमिक शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात हाचिकोचा धडा आला. त्याचे शीर्षक होते, उपकार विसरू नका.

सायतोंनी आयुष्याच्या अखेरीस याविषयी लिहिले ते निष्ठेच्या भक्तांनी वाचायला हवे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाच्या दृष्टीने ही उपकार न विसरण्याची सुंदर गोष्ट होत असेल, पण हाचिच्या मनात उपकार फेडण्याचा विचार असेल असे मुळीच वाटत नाही. ज्याने आपल्याला जीव लावला त्याच्यावरचे निर्भेळ प्रेम, एवढेच तेथे होते. कथेचा पहिला निवेदकच कथेच्या अधिकृत अर्थाशी असहमत आहे, असे उदाहरण विरळाच.

विरोधी पाठही होता. हाचिको स्थानकावर येतो तो फेरीवाल्यांच्या भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांसाठी, असे म्हणणारे तेव्हाही होते. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच्या पोटात त्या कोंबडीच्या काड्या खरोखर सापडल्या. त्या काड्यांनी मृत्यू ओढवला असेही म्हटले जाई. २०११ मध्ये टोकियो विद्यापीठात त्याचे जतन केलेले अवयव पुन्हा तपासले, तेव्हा फुप्फुसांत व हृदयात कर्करोग आढळला. पण काड्या होत्या हे खरेच. आणि त्यामुळे काय बिघडले? कोंबडीची ओढ आणि माणसाची ओढ एकाच कुत्र्याच्या पोटात नांदू शकत नाहीत, असा आग्रह धरणारे दोन्ही पक्ष, भक्त आणि छिद्रान्वेषी, आम्हांला सारखेच एककल्ली वाटतात.

कानाची गोष्ट याहून बोलकी आहे. हाचिकोचा डावा कान लोंबलेला होता. अस्सल जपानी कुत्र्याचे कान ताठ हवेत. पुतळा घडवणाऱ्याने कान होता तसा, लोंबलेलाच ठेवला. उएनो येथील राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात मात्र हाचिकोचे कातडे पेंढा भरून ठेवले आहे, आणि तेथे त्याचे दोन्ही कान ताठ आहेत. कलावंताने प्रत जशीच्या तशी उतरवली आणि विज्ञानाच्या घरात ती 'दुरुस्त' झाली! हस्तलिखितातले अपरिचित रूप चूक समजून सुधारणारे संपादक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

या कथेतून गळालेले एक नाव येथे नोंदवतो. उएनोंसोबत राहणाऱ्या याएको साकानो या त्यांच्या कायदेशीर पत्नी नव्हत्या. प्राध्यापक गेल्यावर त्यांना ते घर सोडावे लागले. आओयामा दफनभूमीत उएनोंच्या थडग्याशेजारी कुत्र्याचे स्मारक झाले. याएकोंना तेथे जागा नव्हती. त्या १९६१ मध्ये वारल्या, आणि त्यांच्या अस्थींचा अंश त्या थडग्यात ठेवला गेला तो २०१६ मध्ये. वाट पाहण्याची कथा सांगायची तर पंचावन्न वर्षांची ही वाटही मोजायला हवी होती. नीतिपाठाच्या पुस्तकाला ती सोयीची नव्हती.

मग युद्ध आले. १९४४ मध्ये धातूच्या टंचाईपायी हाचिकोचा पुतळा काढून नेला आणि पुढे वितळवला. १९४५ च्या हवाई हल्ल्यात शिल्पकार आन्दोही मारले गेले. १९४४ च्या डिसेंबरात सरकारी परिपत्रक निघाले की, पाळीव कुत्रे देशासाठी अर्पण करावेत. कातडी सैनिकांच्या कपड्यांसाठी हवी होती. गावोगाव माणसे आपले कुत्रे दोरी बांधून नेमल्या जागी घेऊन गेली. ज्या मुलांनी शाळेत इमानी कुत्र्याचा धडा गिरवला, त्यांतली अनेक त्या रांगेत उभी होती. इमान कोणी कोणाशी राखायचे याचा धड्यातील हिशेब एकतर्फी होता, तो या रांगेत उघड झाला.

परंतु आमच्या विवेचनाला येथे एक अडसर येतो आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या परिपत्रकातून लष्करी व पोलिसी कुत्रे, नोंदणीकृत शिकारी कुत्रे, आणि नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झालेले कुत्रे वगळलेले होते. म्हणजे ज्या प्रमाणलक्षणांची, ज्या शुद्धतेच्या कागदांची आम्ही वर थोडी थट्टा केली, तेच कागद १९४४ च्या हिवाळ्यात जीव आणि मरण यांच्या मध्ये उभे होते. ही सवलत सर्वत्र पाळली गेली असे नाही. उपासमारीच्या दिवसांत कुत्र्याला घास घालणाऱ्याकडे शेजारी देशद्रोही म्हणून पाहत. तरीही काही कुत्रे त्यामुळे वाचले, काही डोंगरातल्या धन्यांनी लपवल्यामुळे वाचले. आणि ज्यांच्याविषयी कोणी काही लिहिले नव्हते, ज्यांना नाव नव्हते, स्मारकाचा दर्जा नव्हता, ते साधे गावकुत्रे गेले. पाठ कृत्रिम असतो, पण ज्याचा पाठच नाही त्याला वाचवायला कोणी येत नाही. या दोन विधानांतून सुटका कशी करावी हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

युद्धानंतरचा भाग थोडक्यात आटोपतो. १९४८ मध्ये आन्दोंच्या मुलाने, ताकेशीने, हाचिकोचा नवा पुतळा घडवला. आज शिबुयात लोक एकमेकांची वाट पाहत उभे असतात तो हाच. अमेरिकन सैनिकांनी अकिता कुत्रे मायदेशी नेले आणि तेथे त्यांचा थोराड, वेगळ्या मुखवट्याचा वंश वाढला. जगातील बहुतेक श्वानसंस्था आता त्यांना दोन स्वतंत्र जाती मानतात. सात स्मारकांपैकी कोशी नामशेष झाला. उरलेल्या सहांत शिबाने जगभर लोकप्रियता मिळवली. काई, किशू, शिकोकू आणि होक्काइदो हे मात्र जपानबाहेर क्वचितच दिसतात आणि जपानमध्येही थोड्याच घरांत. रानडुकरे अजून आहेत, पण शिकारी म्हातारे झाले. म्हणून आता या जातींना टिकायचे तर घरात, दिवाणखान्याच्या दाराशी, पाळीव म्हणून टिकायचे आहे.

कोफूच्या त्या घरी हीच तडजोड रोज चाललेली आम्ही पाहिली. स्नेह्यांना ही कुत्री एका वृद्ध शिकाऱ्याकडून मिळाली. ती दोन महिन्यांची, कोळशासारखी काळी होती तेव्हा. पट्टे दुसऱ्या वर्षी दिसू लागले. पहिले वर्ष कठीण गेले. ती अंगाला हात लावू देई, पण मांडीवर घेतलेले तिला खपत नसे. फेकलेला चेंडू ती पाही आणि तुमच्याकडे पाही, जणू फेकलात तर आणाही तुम्हीच. भूकंपाचा हलका धक्का बसण्याआधी ती उठून उभी राहते, असे स्नेही सांगतात. आम्ही होतो तेव्हा तसा प्रसंग आला नाही. आमच्याशी तिची ओळख पाचव्या दिवशी झाली. आम्ही ओट्यावर वाचत बसलो होतो. ती आली, दोन हातांवर पाठ करून बसली आणि रस्त्याकडे पाहू लागली. स्नेही म्हणाले की, काई कुत्र्याने तुमच्याकडे पाठ केली म्हणजे त्याने तुमची चिंता सोडली. त्या पाठीवरचे पट्टे आम्ही प्रथमच जवळून पाहिले. तांबूस केसांत काळे, आणि दोन्हींच्या सीमा कोठेही सरळ नाहीत.

आईंशी तिचे जमले ते कसे, हे कोणाला सांगता येईना. आईंना जपानी येत नव्हते आणि कुत्र्यांची त्यांना विशेष आवडही नव्हती. घरात कुत्रे म्हणून पहिला आठवडा त्या नाक मुरडत होत्या. पण दिवसभर घरात दोघीच. त्या मराठीत बोलत राहिल्या, तिला 'ये', 'जा', 'हो बाजूला' एवढे कळू लागले, आणि महिन्याभरात त्या घरातील एक जन्म, एक धनी हा पाठ मोडीत निघाला. स्नेह्यांना याचे थोडे वाईट वाटत असावे. ते तसे बोलले नाहीत.

आम्ही परतल्यानंतर महिन्याभराने आईंची मुदत संपली आणि त्या साताऱ्याला आल्या. पुढे स्नेह्यांचे पत्र आले. कुत्री रोज सकाळी आईंच्या खोलीच्या सरकत्या दारापाशी जाऊन बसते, दहापर्यंत बसते आणि मग उठून जाते. असे अठरा दिवस चालले आहे, असे त्यांनी लिहिले होते. दूरध्वनीवर आईंना हे सांगताना त्यांचा गळा भरून आला, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले. आई पलीकडून म्हणाल्या, "अरे, दहाला मी पोळ्या करायचे. पहिली तिला द्यायचे, तुला सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पट्टे नीट दिसायला लागले का रे आता तिचे?"